दीड मिनिटाचं बंदर

कोकणातल्या एक दिवसाच्या ट्रिपचं रील कसं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. काल रात्री झोपण्याआधी एखादं पाहिलंच असेल. तरी ते एकदा शॉटवार कागदावर उतरवून बघू. आधी घाटातलं वळण, गाडीच्या खिडकीतून. मग लाल माती, जांभ्या दगडाचा गडगा, त्यावर शेवाळ. मग ताटातली तळलेली सुरमई आणि जरा कलता धरलेला सोलकढीचा ग्लास. मग ड्रोन वर उठतो आणि खाली निळ्या पाण्यात रंगीत होड्या दिसतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. शेवटी पाठमोरं कुणीतरी आणि मावळता सूर्य. मागे बासरी. पडद्यावर 'हिडन जेम', 'गर्दीपासून लांब', 'मुंबईहून फक्त इतके तास'. दीड मिनिट संपलं.

गेल्या पावसाळ्यात मी अशी पुष्कळ रील्स वही घेऊन पाहिली. एखाद्या कवितासंग्रहावर लिहायचं असेल तर आपण तो दोनदा वाचतो, खुणा करतो. आपल्या वयाची बहुतेक मंडळी आज ज्या मजकुरातून कोकण वाचतात, तो मजकूरही एकदा तसाच वाचून बघावा, एवढाच हेतू होता. रेवदंडा, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड. नावं बदलत होती, क्रम बदलत नव्हता. आणि वहीत एक नोंद वारंवार होत राहिली: ही सगळी गावं बंदरं आहेत. बंदर आहे म्हणून गाव वसलं. पण दीड मिनिटात त्या बंदराच्या वाट्याला येतात चारेक सेकंद, आणि तेही आकाशातून.

ही चार सेकंदं कशी बनतात आणि त्यातून काय कापलं जातं, याबद्दल मला बोलायचं आहे.

* * *

हर्णैचं उदाहरण घेते. तिथे मी बऱ्याचदा गेले आहे आणि दापोलीच्या कुठल्याही ट्रिपमध्ये ते हमखास असतं. समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, कनकदुर्गावर दीपगृह, आणि खाली वाळूवर मासळीचा लिलाव, सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा. इथला ठरलेला शॉट म्हणजे पाण्यात उभी असलेली बैलगाडी. बैलांच्या पोटाला लाटा लागतायत, मागे होड्या, वर घारी. शॉट सुंदर असतो यात वाद नाही. मीही तो लाइक केलेला आहे.

पण बैलगाडी समुद्रात का उभी आहे? हा प्रश्न रीलला कधी पडत नाही. उत्तर साधं आहे. मोठ्या नौका कडेला लागतील असा पुरेसा धक्का तिथे नाही म्हणून. नौका खोल पाण्यात नांगरायच्या, मासळी छोट्या होडीत उतरवायची, होडी उथळ पाण्यात आणायची, तिथून टोपल्या बैलगाडीत नाहीतर डोक्यावर, आणि मग वाळूवर. बर्फ, डिझेल, प्यायचं पाणी नौकेवर चढवायचं असेल तर हाच प्रवास उलटा. दर चढ-उताराला वेळ जातो, मजुरी जाते, उन्हात मासळीचा ताजेपणा जातो आणि ताजेपणाबरोबर भाव जातो. धक्क्याची मागणी इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली आहे. म्हणजे रील ज्याला 'ऑथेंटिक कोकण' म्हणतं, 'जिथे काळ थांबलाय' वगैरे म्हणतं, ते मुळात न मिळालेल्या सोयीचं चित्र आहे. पुरेसा धक्का झाला की तो शॉट जाईल. तेव्हा कमेंटमध्ये 'पूर्वीचं हर्णै राहिलं नाही' अशी हळहळ सुरू होईल, आणि ती मला आत्ताच ऐकू येते.

दुसरी गोष्ट आवाजाची. लिलाव हा बघण्यापेक्षा ऐकायचा प्रकार आहे. वाळूवर मासळी ओतली जाते, भोवती माणसांचं कडं पडतं, बोली पुकारणारा एक आकडा धरतो आणि तो चढवत नेतो. घेणारा कित्येकदा तोंड उघडत नाही, नुसती मान हलवतो. पापलेटचा ढीग, म्हाकुलाचा ढीग, कोळंबीचा ढीग, प्रत्येकाचा निकाल काही क्षणांत लागतो. समुद्रात घालवलेले दिवस, जळलेलं डिझेल, तांडेलाचा आणि खलाशांचा वाटा, सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यात येऊन थांबतो. त्या जागेचं मुख्य वाक्य तोच आकडा आहे. आणि रीलमध्ये नेमका त्याच्यावर बासरीचा ट्रॅक चढवलेला असतो.

मागच्या हिवाळ्यात मी मुरुडहून पाळंदेमार्गे चालत हर्णैला पोहोचले, तेव्हा दुपारचा लिलाव रंगात आला होता. मी एका कडेला उभी होते. वाटे मांडून बसलेल्या एका मावशींनी वर न बघता विचारलं, "व्हिडिओ काढतेस काय गो?"

"नाही मावशी, नुसतं बघतेय."

"बघ की. पण जरा बाजूला सरून बघ, गिऱ्हाइकाची वाट अडते."

मी सरकले. मग त्याच पुढे बोलल्या. "काढणाऱ्यांचं काय नाय गो. सगळे काढतात. पण भाव कोण विचारीत नाय. विचारला तर घ्यावा लागंल असं वाटतं त्यांना."

कोकणातल्या पर्यटन-मजकुरावर याहून नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही. बंदरावर गेलेला माणूस आणि बंदर यांच्यात पहिला संबंध भावाचा असतो. तो टाळला की उरतं ते नुसतं दृश्य. या किनाऱ्यावर आलेल्या जुन्या प्रवाशांपैकी अफनासी निकितिन हा रशियन माणूस बघा. पंधराव्या शतकात तो चौलला उतरला आणि परत जाताना दाभोळहून निघाला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, तिथे फोटोही काढले जातात. तो मुळात व्यापारी, सोबत विकायला घोडा घेऊन आलेला. त्यामुळे दाभोळबद्दल लिहिताना तो लाटांचं वर्णन करत बसत नाही. इथे कुठकुठून घोडे येतात, हे सांगतो. त्याच्या नोंदी कोरड्या आहेत, पण त्या वाचून ते बंदर म्हणून काय होतं हे कळतं. आज दाभोळच्या रीलमध्ये आदिलशाही काळातली मशीद दिसते, फेरीबोट दिसते, खाडीवरची संध्याकाळ दिसते. दाभोळला काय येतं आणि दाभोळहून काय जातं, हे विचारलं तर रीलकडे उत्तर नसतं.

* * *

कॅप्शनमध्ये बहुधा वेळापत्रक असतं. पहाटे पाचला निघा, दहाला नाश्ता, अकराला किल्ला, दोनला जेवण, पाचला बीच, सहाला सनसेट. यात सगळ्यांच्या वेळा आहेत, फक्त समुद्राची नाही.

बंदराचा दिवस घड्याळावर चालत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आपल्याकडे याचा एक जुना तोंडी हिशेब आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. त्याच सुमाराला दिवसातून दोनदा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्तीत जास्त चढतं आणि तितकंच मागे जातं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, तो भांग. शाळेत भूगोलात हे आपण पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. किनाऱ्यावरचा माणूस विसरू शकत नाही. होडी कधी वर ओढायची, कधी पाण्यात लोटायची, खाडीच्या तोंडाशी उथळ जागेवरून नौका कधी आत घ्यायची, सगळं यावर ठरतं. संस्कृतात 'वेला' या शब्दाचे अर्थ समुद्राचा किनारा, भरती आणि काळ असे आहेत. आपला 'वेळ' तिथूनच आला. आपण मात्र वेळ शहरातून सोबत घेऊन जातो.

याचा परिणाम नुसता सौंदर्यशास्त्रीय नाही. कर्दे ते मुरुड हा किनारा ओहोटीला चाललात तर पायाखाली ओली, घट्ट वाळू असते, मैलभर चाललं तरी पाय दुखत नाहीत. तोच भरतीला चाललात तर मऊ, कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात आणि ट्रिप 'ओव्हररेटेड' ठरते. वाळूवर हौसेने उतरवलेली गाडी रुतली आणि भरतीच्या पाण्यात अडकली, अशा बातम्या दर मोसमात येतात. त्याच मोसमात माणसं बुडाल्याच्याही येतात. मी पाहिलेल्या रील्समध्ये पार्किंग कुठे करावं, उकडीचे मोदक कुठे मिळतात, फोटोसाठी कुठला खडक चांगला, हे सगळं होतं. भरती किती वाजता, हे सांगणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

मोसमाचंही तसंच. 'मॉन्सून इन कोकण' नावाच्या रील्समध्ये बंदर विलक्षण शांत दिसतं. किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या नौका, रिकामा धक्का, पाऊस. कॅप्शन: 'शांतता म्हणजे काय ते इथे कळतं.' ही शांतता सरकारी आदेशाची आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. दोन महिने उत्पन्न थांबलेलं, बाहेरगावचे खलाशी घरी गेलेले, जाळी आणि इंजिनं दुरुस्तीला काढलेली. पुढच्या हंगामाचा खर्च कुठून उभा करायचा, याची बोलणी त्या शाकारलेल्या नौकेच्या आडोशाला बसूनच होतात. मग बंदी उठते, नारळी पौर्णिमा येते, आणि रीलची ट्रिप तोवर भंडारदऱ्याला गेलेली असते.

पायी चालण्याबद्दलही थोडं. 'कोस्टल वॉक' हा शब्द आता बराच चालतो आणि प्रकार खरंच छान आहे, मी तो करते. पण मुरुडमधून चालताना मला नेहमी महर्षी कर्वे आठवतात. तेही याच मुरुडचे. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर इथून घाट चढून साताऱ्याला चालत गेले. तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. 'आत्मवृत्ता'त हे त्यांनी सांगितलं आहे. या गावांतून माणसं शतकभर बाहेर पडत राहिली, कधी पायी, जास्त करून बोटीने. बंदर हे बाहेर पडायचं दार होतं. त्या दाराची किंमतही मोजावी लागली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती, बरेच जण सणाला घरी निघाले होते. आज मांडव्याच्या रो-रोवरून सेल्फी काढताना आपण जवळपास त्याच पाण्यातून जातो. रीलची दिशा कायम एकच असते: शहरातून किनाऱ्याकडे, विसाव्यासाठी. बंदराची दिशा पिढ्यान्‌पिढ्या उलटी होती.

* * *

सगळा दोष रील्सवर ढकलणं सोपं आहे. पण ही चौकट त्यांनी शोधलेली नाही, त्यांना ती वारशाने मिळाली आहे. कुणाकडून, हे बघायला आपल्याच पुस्तकांच्या कपाटाकडे वळावं लागतं.

एकट्या दापोली तालुक्याने मराठीला किती दिलं बघा. साने गुरुजी पालगडचे. श्री. ना. पेंडसे मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबऱ्या मी दर काही वर्षांनी पुन्हा वाचते आणि दर वेळी थक्क होते. पण त्यातलं कोकण पोफळीच्या बागांचं, खोतीचं, घराण्यांचं, देवळांचं आणि भांडणांचं आहे. खाली रत्नागिरीला आलात की पु. लं.चा अंतू बर्वा. रीलमध्ये ओटीवर बसून तिरकस बोलणारे जे आजोबा हटकून दिसतात, ते अंतू बर्व्याचे फार दूरचे आणि बरेच पातळ झालेले वंशज आहेत. या सगळ्या लेखनात समुद्र आहे, पण तो बहुधा ओटीवरून दिसतो, माडांच्या फटीतून. धक्क्यावरून क्वचित. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी ही माणसं गोष्टीत येतात ती मागच्या दारी टोपली घेऊन, आणि मासळीचा सौदा झाला की गोष्टीतून जातात.

शेजारच्या मल्याळममध्ये तकळींची 'चेम्मीन' १९५६ साली आली. तिच्यावर १९६५ साली रामू करिआटांनी सिनेमा केला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. किनाऱ्यावरच्या बाईच्या पावित्र्यावर समुद्रातल्या नवऱ्याचा जीव अवलंबून, ही त्या कादंबरीतली कल्पना मला अजिबात मानवत नाही. पण त्या भाषेच्या अगदी मध्यवर्ती कादंबऱ्यांपैकी एक मासेमारांच्या वाळूवर उभी आहे. तिच्यात होडी आणि जाळं घ्यायला पैसे कुठून आणायचे, कर्ज कुणाचं, हा कथानकाचा कणा आहे. मराठीत त्या तोलाची जागा कशाने भरली? कोळीगीताने. मला कोळीगीतं आवडतात, लग्नात पहिली उठून नाचणाऱ्यांत मी असते. पण शाळेच्या गॅदरिंगला गुडघ्यापर्यंत हिरवं लुगडं नेसून, हातात रिकामी टोपली घेऊन आपल्यातल्या कितीजणी नाचल्या आहेत, आठवा. त्या टोपलीत मासा नव्हता. मराठी मध्यमवर्गाने बंदर ओळखलं ते असं, ठेक्यावर आणि वेशभूषेत. रीलने फक्त ठेक्याच्या जागी बासरी आणली.

याला छेद देणारं काही झालंच नाही असं नाही. अविनाश अरुणचा 'किल्ला' आठवतो. २०१४ साली बर्लिनला गाजलेला, पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे किनाऱ्यावरच्या गावात आलेला चिन्मय हा खरं तर बाहेरचाच, म्हणजे आपल्यासारखा. सिनेमाचं छायाचित्रण इतकं देखणं आहे की त्याच्या फ्रेम्स नंतर रील्सनी पोत्याने उचलल्या. पण 'किल्ला'त समुद्र सुखावणारा नाही. किल्ल्यावर पाऊस येतो तो एकट्या पडलेल्या मुलाच्या पोटात गोळा आणणारा. एका कोळ्याबरोबर तो होडीतून समुद्रात जातो, तिथेही गावाचा पोस्टकार्डासारखा देखावा मिळत नाही, मिळतं ते पाण्यावरचं एकटेपण. पाहुण्याच्या नजरेतूनही बंदर घडवता येतं, फक्त पाहुण्याला तिथे काहीतरी गमवावं लागतं. दीड मिनिटाच्या पाहुण्याला काही गमवायची तयारी नसते.

मुंबईत ससून डॉकवर २०१७ च्या अखेरीला स्टार्ट इंडिया फाउंडेशनने कला-प्रकल्प केला, तो दुसरा प्रयत्न. १८७५ साली बांधलेल्या त्या गोदीत मासळीच्या कामाच्या जागीच चित्रं आणि मांडण्या केल्या होत्या. तिथे राबणाऱ्या माणसांचे चेहरे भिंतीभर मोठे करून लावले होते, अगदी वासावरही एक मांडणी होती. तिथे तोबा गर्दी झाली, आणि बहुतेकांनी भिंतीवरच्या चेहऱ्यांसमोर उभं राहून फोटो काढले, तर त्याच जागेत हात चालवत कोळंबी सोलणाऱ्या बायका फ्रेमच्या बाहेर राहिल्या. तरीही मी त्या प्रकल्पाच्या बाजूने आहे. निदान वास गाळला नव्हता.

* * *

एवढ्या चार सेकंदांवरून इतकी चर्चा कशाला, असं कुणी विचारेल. कारण किनारा कसा दिसतो यावरून तो कुणाचा हे ठरत जातं.

रील्सचा लाडका शब्द 'व्हर्जिन बीच'. म्हणजे जिथे कुणी नाही. वाळूवर कुणी नसतं तेव्हा त्या वाळूवर बहुधा काल जवळा वाळत होता किंवा उद्या बोंबील टांगायला बांबू रोवले जाणार असतात. सुकवणीची जागा बऱ्याच गावांत पिढ्यांच्या वहिवाटीची असते, पण सातबारावर मच्छीमारांचं नाव असतंच असं नाही. कागदावर रिकामी, ड्रोनमधूनही रिकामी. मग तिथे रिसॉर्ट आलं की पहिली तक्रार वाळत्या मासळीच्या वासाची होते. किनाऱ्यापासून किती अंतरावर बांधकाम करता येईल याचे नियम १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत बदलत गेले. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ती मर्यादा २०१९ मध्ये भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत खाली आली. आपण ज्या जागेला 'अनटच्ड' म्हणून सेव्ह करून ठेवतो, तिच्यावर असे बरेच हात असतात.

उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराचं उदाहरण आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मात्र नव्वदच्या दशकात ही कल्पना पहिल्यांदा निघाली तेव्हापासूनचा. बंदर व्हावं की नको, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. मला एवढंच दिसतं, की या वादात दोन 'बंदर' समोरासमोर आहेत आणि दोघांसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे. एक महाकाय जहाजांचं, संगणकावर काढलेल्या चकचकीत चित्रातलं. दुसरं डोल जाळ्यांचं, छोट्या होड्यांचं, ज्याचं लोकांना माहीत असलेलं चित्रच नाही. ज्याचं चित्र नाही, त्याने काय गमावलं हे दूरच्या माणसाला दाखवायचं कसं?

आता एक आडवा मुद्दा, कारण तो मला सतत टोचतो. या सगळ्यावर मराठीत एक तयार उत्तर आहे: पर्यटकांनी येऊच नये, कोकणाची वाट लागली. हे बोलणारे बहुधा तेच असतात ज्यांचं गावात वडिलोपार्जित घर आहे, जे गणपतीत आणि मे महिन्यात तिथे राहतात आणि बाकीचं वर्ष मुंबईत किंवा पुण्यात काढतात. मला ही भूमिका रीलपेक्षा वाईट वाटते. ज्याचं कोकणात घर नाही, ज्याला एकच रविवार मिळतो, त्याने समुद्र बघायचाच नाही का? घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांना, फेरीबोटीवरच्या पोरांना, राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या नेणाऱ्यांना विचारा, गर्दी नको का म्हणून. एक दिवसाची ट्रिप हा काही हलका प्रकार नाही. एका दिवसात पुष्कळ दिसू शकतं. दाभोळ–धोपावे फेरीची एक खेप केली तरी कळतं, की खाडीपलीकडचं गाव रस्त्याने किती लांब आणि पाण्याने किती जवळ. गाडीतून खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं, एवढंच. सागरी महामार्गावर खाड्यांवर एकेक पूल व्हायचा आहे. ते झाले की ही दहा-पंधरा मिनिटंही गाडीतच जातील.

आणि आता ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला ते. रील्स पाहता पाहता फोनने मला एके दिवशी वेगळंच काही दाखवायला सुरुवात केली. नौकेवरच्या खलाशांनी स्वतः काढलेले व्हिडिओ. कोकणातले, गुजरातचे, कर्नाटकातले. बासरी नाही, इंजिनाची धडधड आहे, इतकी की बोलणं अर्धं ऐकू येत नाही. सूर्यास्त असतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण जाळं ओढायची वेळ झालेली असते. एकात एक मुलगा केबिनच्या मागे बसून वीसेक माणसांचा भात शिजवतो आणि डोलणाऱ्या नौकेत पातेलं कलू नये म्हणून पायाने धरून ठेवतो. दुसऱ्यात जाळ्यात आलेला कचरा निवडतात, प्लास्टिक वेगळं, बारीक मासळी वेगळी. एकाने निव्वळ बर्फाच्या खणाचा व्हिडिओ टाकला होता, बर्फ किती उरलाय आणि अजून किती दिवस बाहेर राहता येईल हे दाखवायला. या व्हिडिओंना व्ह्यूज कमी असतात असंही नाही. खाली कमेंट असतात त्या घरच्यांच्या, दुसऱ्या नौकांवरच्यांच्या: किती दिवस झाले, काय लागलं, कुठल्या वावात आहात.

समीक्षक म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या व्हिडिओंमध्ये जमीन चारेक सेकंदच असते. अगदी शेवटी, दूरवर करडी रेघ दिसते, मग दीपगृह, मग डोंगर. कुणीतरी ओरडून गावाचं नाव घेतं. मी ज्या हर्णैला चालत गेले होते, ते तिथून पहिल्यांदा पाहिलं: आधी पांढरा ठिपका, मग सुवर्णदुर्गाची काळी भिंत, मग वाळूवर मुंग्यांसारखी माणसं. काढणाऱ्याने झूम केलं आणि विचारलं, "लिलावाला गर्दी हाय काय रं?" बाजूचा म्हणाला, "हाय. पण आधी बाकीच्या बोटी किती लागल्यात ते बघ." त्याने कॅमेरा वळवला आणि मोजायला सुरुवात केली.